आठवं वाक्य

वृषाली : …आणि मग हात मांडीवर ठेवायचे, थोडं हसायचं आणि म्हणायचं, डांके. म्हणजे आभारी आहे. संपलं. किती सेकंद झाले, आई?

मालनबाई : माझ्याकडं काय बघतीस? म्या शेपू निवडायलेय.

वृषाली : तुझ्या हातात मोबाईल दिला होता ना. मी बोलायला लागले की बटण दाबायचं, थांबले की परत दाबायचं. एवढंच काम होतं.

मालनबाई : दाबलं की. फोटू निघाला.

वृषाली : राहू दे. मीच बघते. उद्या दहाला पुण्यात जर्मनची तोंडी परीक्षा आहे आणि आपण इथं फोटो काढायलोत. ही दुसरी खेप आहे, आई. याही वेळी बोलण्यात मार्क गेले तर बॅचमधनं नाव कमी करणार आहेत. मग जर्मनी विसरा, आणि उमरग्याच्या दवाखान्यात सलाईन लावत बसा जन्मभर.

मालनबाई : तिकडं जाऊन बी नर्सच हुणार हाइस की. सलाईनच लावणार. तिकडं काय राजाराणी सलाईन घेतेत?

वृषाली : तू बटण दाबणार आहेस का नाही?

मालनबाई : दाबते बाई. म्हन तुजं.

वृषाली : गूटन टाग. इश हाइसं वृषाली सोनकांबळे. इश बिन फिअरउंटत्स्वानत्सिश. इश कोमं आउस इंडिएन. इश वोनं इन पुणे. इश श्प्रेशं मराठी, हिंदी उंट एंग्लिश. इश बिन क्रांकनश्वेस्टर. माइन हॉबी इस्ट श्विमन. माइनं मुटर इस्ट हाउसफ्राउ. डांके.

मालनबाई : पुणे म्हनलीस.

वृषाली : हो.

मालनबाई : बाकीचं डोक्यावरनं गेलं, पुणे तेवढं कळलं. तू पुण्यात कवा ऱ्हायला गेलीस? मला खबर बी न्हाय.

वृषाली : क्लासच्या गुरुलिंग सरांनी तसंच लिहून दिलंय. गावाचं नाव घेतलं की ती परीक्षेची बाई विचारणार, हे कुठं आलं. मग मुरूमपासून सात किलोमीटर, मुरूम उमरग्याजवळ, उमरगा धाराशिव जिल्ह्यात. तेवढ्यात वेळ संपतो.

मालनबाई : म्हंजे गाव सांगाय जमंना म्हनून गावच बदलायचं. जिल्ह्याचं नाव बदलायला किती वरसं गेली, आन तुमच्या सरानं गाव बसल्या जागी बदललं. लई ताकदीचा मानूस हाय.

वृषाली : ते लहान वाक्य पडतं म्हणून. हे बघ, समोर कागद असतो, त्यावर सात शब्द असतात. नाव, वय, देश, राहायचं ठिकाण, भाषा, काम आणि छंद. एकेकावर एक वाक्य बोलायचं. आठवं आईबापाचं, ते सरांनी वरून जोडलंय. त्यानं मार्क वाढतेत म्हणे.

मालनबाई : थांब, थांब. नाव सांगितल्यावर अजून सहा गोष्टी इचारतेत?

वृषाली : हो. त्यालाच ओळख करून देणं म्हणतात.

मालनबाई : लई सबुरीची मान्सं हायेत. आपल्याकडं आडनाव कळलं की म्होरचं समदं त्यांचं त्यांनाच मालूम आसतंय.

शिवगंगा : वृषाली, झाली का तयारी? मी बॅग घेऊनच आले. काकू, येऊ का आत?

मालनबाई : ये की. बिराजदाराच्या लेकीला कोन आडवतंय? बस त्या खुर्चीवर. च्या घेतीस, का डबा आनलायस?

वृषाली : आई.

मालनबाई : काय आई? दारात आलेल्या पोरीला च्या इचारला, त्यात काय चुकलं माजं?

शिवगंगा : घेते की काकू. कमी साखरेचा.

मालनबाई : साखर कमी, बरं. तुमच्याकडं उसाचा फड, आन च्या कमी साखरेचा. घे. आता तू बी बोलून दाखीव बघू तुजं जर्मन. म्या आज परीक्षेची बाई हाय.

शिवगंगा : अय्यो, तुमच्यासमोर?

मालनबाई : उद्या गोऱ्या बाईसमोर बोलणार हाइस, आन मला लाजायलीस.

शिवगंगा : गूटन टाग. इश हाइसं शिवगंगा बिराजदार. इश बिन फिअरउंटत्स्वानत्सिश. इश कोमं आउस इंडिएन. इश वोनं इन पुणे. इश श्प्रेशं मराठी, हिंदी उंट एंग्लिश. इश बिन क्रांकनश्वेस्टर. माइन हॉबी इस्ट श्विमन. माइनं मुटर इस्ट हाउसफ्राउ. डांके.

मालनबाई : तू बी पुण्यात.

शिवगंगा : हो काकू.

मालनबाई : दोघी येकाच खोलीवर ऱ्हाताव का येगळ्या? नाव तेवढं बदललंय, बाकी समदं छापील. आन गं, तुमच्या घरात तर हागल्यापादल्या कानडी बोलतेत. तुजी आज्जी मला मराठीत शिव्या देत न्हवती, कानडीत द्यायची. म्या बी तिला कानडीतच जवाब द्यायची. ती कानडी कुठं गेली?

शिवगंगा : सर म्हणाले, तीनच भाषा बोला. सगळ्यांना सारख्या.

मालनबाई : येती ती भाषा सांगायची न्हाय. जिथं ऱ्हात न्हाय ते गाव सांगायचं. मग त्या बाईला तुमची वळख हुती का तुमच्या सराची?

वृषाली : आई, अख्खी बॅच तेच बोलते. बावीस जणी आहोत आम्ही. शाळेत नाही का, माझी सहल म्हणून निबंध आला की सगळा वर्ग एकाच सहलीला गेलेला असायचा. गाईडमधल्या.

शिवगंगा : आणि त्याच गाईडनं गेल्या खेपेला मारलं आपल्याला. काकूंना सांगितलंस का तू?

मालनबाई : मला म्हनली, पेपर अवघड निघाला.

वृषाली : शिवगंगा, तुला आजच उकरायचं होतं का ते?

मालनबाई : उकर तू. मला फुरसत हाय.

शिवगंगा : काकू, तोंडीला चौघींना एका टेबलावर बसवतेत. एक बोलते, बाकीच्या तिघी ऐकतेत. आमच्या टेबलावर चारीजणी आमच्याच बॅचच्या. पहिली म्हणाली, माझा छंद पोहणं. दुसरी म्हणाली, माझा छंद पोहणं. वृषाली तिसरी. हिनं तोंड उघडायच्या आधीच ती बाई म्हणाली, श्विमन?

मालनबाई : श्विमन म्हंजे पवनं?

शिवगंगा : हो. मग तिनं हिला विचारलं, तुम्ही पोहायला कुठं जाता?

मालनबाई : आन ही काय म्हनली?

शिवगंगा : सांग की.

वृषाली : त्सु हाउझं.

मालनबाई : म्हंजे?

वृषाली : म्हंजे घरी.

मालनबाई : घरी.

वृषाली : त्या वेळी दुसरा शब्दच आठवेना. नदी आठवेना, तलाव आठवेना. घर तेवढं पाठ होतं.

शिवगंगा : मग मला विचारलं. मी घाबरले. मी पण म्हणाले, घरी.

मालनबाई : आसं झालं तर. मार्चपासनं आपल्या वस्तीत टँकर येतोय. हंड्याला हंडा लावून बाया भांडतेत, मी एका बादलीत आंघोळ आन धुनं दोनी करते, आन तिकडं पुण्यात त्या गोऱ्या बाईला वाटलं आसंल, धाराशिव जिल्ह्यात घरोघरी तळं हाय. पोरी उठल्या की उडीच मारतेत.

वृषाली : हस तू. तिनं अजून दोन प्रश्न विचारले, मी नुसती हसत बसले. सरांनी हसायला सांगितलं होतं.

मालनबाई : पवायला येतं का गं तुमाला?

शिवगंगा : नाही.

मालनबाई : मग तुझा खरा छंद काय?

शिवगंगा : खरं सांगू काकू? झोपणं. रात्रपाळी करून आले की मला दुसरं कायबी आवडत नाही.

मालनबाई : हे बघ, हे पटलं मला. ह्याला जर्मनीत शब्द हाय का?

शिवगंगा : श्लाफन.

मालनबाई : मग ते सांग. कुठं म्हनून इचारलं तर घरी म्हन. आता ते शेवटचं. हाउस का काय म्हनलाव दोघी?

वृषाली : हाउसफ्राउ.

मालनबाई : ते काय?

वृषाली : गृहिणी.

मालनबाई : कोन?

वृषाली : आई.

मालनबाई : कुनाची आई?

वृषाली : आई, तीनच्या बसला जायचंय आम्हाला. डबल डबल काय विचारायलीस?

मालनबाई : म्या समजून घ्यायलेय. शिकायची हौस हाय मला. ह्या शिवगंगीची आई घरी आसती, खरं हाय, म्या बघते. तुजी आई बी घरीच आसती. मग आठरा वरसं झाली, शाळंच्या त्या पत्र्याखाली सकाळी नवाला जी बाई चूल पेटवती, ती कोन गं? रोज दिसती मला. हुबेहूब माज्यावानी हाय.

वृषाली : सगळ्यांना तेच वाक्य दिलंय सरांनी. मी काय करू?

मालनबाई : सर म्हनलं का, तुजी आई शाळंत खिचडी करती ते सांगू नको म्हनून?

वृषाली : सरांना काय माहीत.

शिवगंगा : सरांनी विचारलं होतं काकू. पहिल्याच आठवड्यात, एकेकीला उभं करून. कुणाची आई शिलाई करते, कुणाची अंगणवाडीत आहे. ज्यांची वेगळी होती त्यांना वेगळं वाक्य लिहून दिलं. हिला विचारलं तर ही म्हणाली… जाऊ दे.

मालनबाई : आता आलीस तिथवर तर पुरं बोल.

शिवगंगा : म्हणाली, काही नाही करत. घरीच असते.

मालनबाई : बरं.

वृषाली : आई.

मालनबाई : न्हाय, बरं हाय की. काही न्हाय करत. मला वाटलं गुरुलिंग सराची चूक. त्याला उगंच बोलले. ही तर घरची चूक हाय, घरातच पवायलीया.

वृषाली : तू टोमणे मारू नको. सरळ ओरड.

मालनबाई : म्या कशाला ओरडू? हाउसफ्राउ ओरडत न्हाय. पुण्यात ऱ्हाती ती.

शिवगंगा : काकू, चुकलं माझं. मी बोलायलाच नको होतं.

मालनबाई : तुजं काय चुकलं? तू खरं बोललीस. ह्या घरात आज पैलं खरं तूच बोललीस. हिला इचार, आईची लाज कशाची वाटली. शेण भरायला जात न्हाय, चोरी करत न्हाय. पोरांच्या पोटात अन्न घालते.

वृषाली : तुझी लाज नव्हती वाटली.

मालनबाई : मग कुनाची?

वृषाली : ही बसली होती शेजारी. हिची. नाही, हिची म्हणजे… आई, पहिलीत होते मी. तुला शाळेत घेतलं तो पहिला महिना. पिंपभर खिचडी शिजायची आणि खाणारी आपल्या वस्तीतली अकरा पोरं. माझ्या वर्गात तर मी एकटी. बाकी सगळे डबे उघडून माझ्याकडं बघायचे, आणि मी ताटली घेऊन भिंतीला तोंड करून बसायची. तुला बरं वाटावं म्हणून दोनदा वाढून घ्यायची. पोट फुगायचं माझं. आणि शाळा सुटल्यावर सगळी पोरं मला खिचडी म्हणायची. नावानं कुणीच नाही. उमरग्यातल्या क्लासात सरांनी विचारलं, आई काय करते, आणि बाजूला ही. मला वाटलं, हिला आता तेच आठवणार. म्हणून म्हणाले, घरीच असते. मला एकदा तरी खिचडी नव्हतं व्हायचं.

मालनबाई : दोनदा घ्यायचीस ते म्हाईत होतं मला.

वृषाली : माहीत होतं?

मालनबाई : येवढुसं पोट. दुसऱ्या बारीला डाव अर्धाच घालायची म्या. तुला वाटायचं भरून घातला.

शिवगंगा : काकू, मी पण त्या डबेवाल्यांतच होते.

मालनबाई : व्हय तर. पितळंचा डबा, वर झाकणाला कडी. चपाती आन शेंगाची चटनी. वास यायचा ना माज्या चुलीपातूर.

शिवगंगा : मी लहान होते काकू.

मालनबाई : म्या कुठं काय म्हनले? डबा काय तू भरत न्हवतीस. पैला महिना समद्यांनीच डबे धाडले. आमची खिचडी गाईम्हशींनी खाल्ली. गाईला बाट लागत न्हाय म्हनं, पवित्र आसती ती. त्या साली गावातल्या गाई आशा दिसत होत्या की पावनी बघाय यायची. मग हेडमास्तर आले माज्याकडं, लई गोड बोलले. मालनबाई, तुमालाच तरास व्हायलाय, तुमीच सोडा म्हनले. म्या म्हनलं, लेखी द्या. म्हनले, लेखी कशाला? म्या म्हनलं, तोंडी मला आइकू येत न्हाय. परत आले न्हाईत.

वृषाली : हे मला सांगितलं नव्हतंस कधी.

मालनबाई : तू पुण्यात होतीस.

शिवगंगा : मग डबे बंद कशानं झाले काकू?

मालनबाई : कंटाळ्यानं. सकाळी उठून रोज डबा भरायचा म्हंजे काय गंमत हाय? दिवाळीपातूर आया कंटाळल्या. एकीनं बंद केला, मंग दुसरीनं. सा महिन्यांत डबा बी गेला आन बाट बी गेला. कुनी काय सभा घेतली न्हाय, भाषन न्हाय. आता म्हनतेत, मालनबाईच्या हाताला चव हाय. येकट्या तुज्या आज्जीला कंटाळा आला न्हाय. लई कामाची बाई. चौथीपातूर डबा चुकला न्हाय तिचा.

शिवगंगा : हो.

मालनबाई : आता तोंड पाडू नको. आज्जी गेली, डबा गेला. च्या थंड झाला तुजा, पी. ए वृषाली, शाळंत सैपाक करनाऱ्या बाईला तिकडं काय म्हनतेत?

वृषाली : क्योशिन.

मालनबाई : हलका शब्द हाय का?

वृषाली : नाही. मोठ्या हॉटेलात करणारीलाही तेच म्हणतात.

मालनबाई : मग बस झालं. ते सांग. आन किती पोरांचा, ते बी सांग. दोनशे बारा.

वृषाली : आई, आकडा लई लांबडा आहे तो. त्स्वायहुंडर्ट… त्स्व्योल्फ. जीभ अडकते माझी. आणि उद्या परीक्षा आहे, आता वाक्य बदलून जमेल का? पाठ केलेलं आहे ते निदान येतं तरी. मधेच विसरले तर नाव जाईल बॅचमधनं. तुझा राग मला कळतो, पण माझं सगळं त्यावर आहे.

मालनबाई : गेल्या खेपेला काय इसरली होतीस? समदं पाठ होतं. पाठ होतं तरी बुडालीस. घरच्या घरी. म्या आडानी हाय, पर येवढं कळतंय मला. त्या बाईनं तुला काय अवघड इचारलं न्हवतं. पवतीस तर कुठं पवतीस, येवढंच. तू पवतच न्हाइस, मग काय सांगशील? आता तिनं इचारलं, आई काय शिजवती, तर तुला येतं का न्हाय सांगाय?

वृषाली : तांदूळ येतं. राइस. डाळ येते. मीठ, तेल, कांदा. भाज्यांचा अख्खा धडा आहे.

मालनबाई : बघ. समदी खिचडी येती तुला. ह्या वाक्याची तुला लाज वाटत आसंल तर नको सांगू. ते हाउसफ्राउ म्हन, म्या काय तिथं बघाय येत न्हाय. पर सांगायचं तर भिंतीकडं तोंड करून सांगू नको.

शिवगंगा : मी पण बदलते काकू. झोपणं सांगते. आणि कन्नड.

मालनबाई : आन गाव?

शिवगंगा : मुरूम सांगू की. मुरूम उच्चारायला सोपं आहे त्यांना.

मालनबाई : च्या पिऊन येकेक बारी बोला परत. म्या बटन दाबते. आन उठा, तीनची गाठायची म्हनलाव, आडीच वाजले.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनवर.)

मालनबाई : बोल. खांद्यात धरलाय फोन, हात खरकटे हायेत. आताच पोरं उठली जेवून.

वृषाली : झालं आई.

मालनबाई : झालं म्हंजे? मयत बी होतंय आन लगीन बी होतंय. नीट सांग.

वृषाली : निकाल पंधरा दिवसांनी लागेल. पण बोलले मी. गप्प नाही बसले.

मालनबाई : गाव कुठलं सांगितलंस?

वृषाली : मुरूम. तिनं विचारलं, कुठं आहे. मी म्हणाले, कर्नाटकाजवळ. तिनं मान हलवली, संपलं. सात किलोमीटर लागलेच नाहीत.

मालनबाई : आन तुज्या त्या सराचं पाठांतर?

वृषाली : आमच्याच बॅचच्या अजून दोन मुली होत्या टेबलावर. दोघी पोहल्या. शिवगंगा म्हणाली, मला झोपायला आवडतं, तर बाई इतकी हसली, म्हणाली, मलाही. मग तिनं हिला अजून दोन प्रश्न विचारले, आणि हिला आले.

मालनबाई : झोपंवर बी प्रश्न आसतेत म्हन की. बरं. आठवं काय म्हनलीस?

वृषाली : म्हणाले, माइनं मुटर इस्ट क्योशिन. शाळेत दोनशे बारा मुलांचा स्वयंपाक करते.

मालनबाई : आडकलीस का?

वृषाली : दोनशेवर अडकले. बारा नीट आलं.

मालनबाई : बारा तर आपल्या वस्तीतलेच हायेत. ती काय म्हनली?

वृषाली : तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, रोज? मी म्हणाले, रोज, रविवार सोडून. विचारलं, मदतीला किती जण? म्हणाले, अजून एक बाई. मग म्हणाली, काय शिजवते? मी सगळं सांगितलं, तांदूळ, डाळ, हळद सुद्धा. हळदीला काय म्हणतात येत नव्हतं, पिवळी म्हणून हातानं दाखवली. हात मांडीवर ठेवायचे राहूनच गेले. आई, ऐकायलीस ना?

मालनबाई : आइकायलेय. भांडी घासायची थांबलेय. म्होरं.

वृषाली : पुढं जरा वेगळंच झालं. बाईनं दोघींचं लिहून घेतलेलं बघितलं, दोन्हीकडं मुरूम. शिवगंगेला विचारलं, तुम्ही एकाच शाळेत होता का? ही म्हणाली, हो. मग बाई सहज म्हणाली, म्हणजे तुम्हीपण हिच्या आईच्या हातचं जेवला असाल.

मालनबाई : आन ती?

वृषाली : तिला नुसतं हो म्हणता आलं असतं. या. एका अक्षराचा शब्द आहे. कुणाला काय कळणार होतं तिथं?

मालनबाई : म्हनली न्हाय?

वृषाली : नाही. म्हणाली, नाइन. चौथीपर्यंत नाही.

मालनबाई : आज्जीच्या वळणावर गेली न्हाय म्हनायची पोरगी.

वृषाली : बाईनं विचारलं, का? आता का म्हणून काय सांगणार ती? आम्हाला येतं काय, तर सफरचंद येतं, बस किती वाजता सुटते येतं, डोकं दुखतंय येतं. बाटणं कुठल्या धड्यात नाही. ती तोंड उघडायची, मिटायची. डोळे भरले तिचे. दुसऱ्या परीक्षक बाईनं कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. तिचे मार्क जायलेत हे दिसत होतं मला, आई. गेल्या खेपेला मी तशीच बसले होते.

मालनबाई : मग?

वृषाली : मग मी मधेच बोलले. बोलायचं नसतं खरं तर, पण बोलले. म्हणाले, तिला भूक नव्हती. बाई म्हणाली, आखझो. म्हणजे, असं होय. आणि पुढच्या मुलीकडं वळली. बाहेर आल्यावर शिवगंगा लई रडली. आता गप्प झालीय, इथंच बसलीय शेजारी.

मालनबाई : चार वरसं भूक न्हवती व्हय गं तिला?

वृषाली : तेवढंच जर्मन येतं मला, आई.